अल्सरच्या रुग्णांत एच. पायलोरीचा शोध : दुर्बीण न घालता होणाऱ्या चाचण्यांवर किती विसंबावे?

निरगुडी | ६ जानेवारी

नमस्कार. वडिलांच्या तीन तपासण्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यातून नेमका काय अर्थ काढावा हे आम्हाला कळत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

बाबांचे वय ६२. ऑक्टोबरच्या अखेरीस दोन दिवस त्यांना डांबरासारखी काळी, चिकट शौचास झाली. उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तेव्हा कराडला दाखल केले. हिमोग्लोबिन ७.८ वर आले होते. दुर्बिणीच्या तपासणीत ड्युओडिनल (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला) अल्सर सापडला आणि त्याच वेळी पोटाच्या अस्तराचा तुकडा घेऊन आरयूटी (एच. पायलोरी हा अल्सर करू शकणारा जठरातला जंतू शोधणारी झटपट चाचणी) केली, ती निगेटिव्ह आली. रक्त चढवले, पॅन्टोप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध सुरू झाले, आठ दिवसांत बाबा घरी आले. ते गुडघेदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेत असत, तेच कारण असावे असे तेव्हा सर्वांनी गृहीत धरले.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी 'एच. पायलोरी नीट तपासून घ्या' असे सांगितले. एका लॅबमध्ये शौचाची अँटिजेन (जंतूचे अंश शोधणारी) चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. नातेवाइकांच्या आग्रहाने दुसऱ्या लॅबमध्ये रक्तातील अँटिबॉडी तपासल्या, त्या पॉझिटिव्ह आल्या. पॅन्टोप्राझोल या सर्व काळात रोज चालू होते. नमुना घेताना बाबा कोणती औषधे घेतात हे कोणी विचारले नाही आणि सांगायला हवे हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

बाबा पुन्हा दुर्बीण घालून घ्यायला तयार नाहीत. श्वासाच्या चाचणीबद्दल ऐकले आहे. ती खरोखर विश्वासार्ह आहे का, आणि आधीच्या दोन निगेटिव्ह उत्तरांचे काय करायचे, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

चंदनवेल | ६ जानेवारी

निरगुडी, मी फिजिशियन आहे. बाबांना पाहिलेले नसल्यामुळे उपचाराचा निर्णय येथे देणार नाही. तो त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यावा. चाचण्यांबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरी झाला तसा घोटाळा मी माझ्या दवाखान्यात वारंवार पाहते.

आपल्याकडील तीनपैकी दोन निगेटिव्ह उत्तरे अशा वेळी घेतलेली आहेत की ज्या वेळी ती चुकीची निगेटिव्ह येण्याची शक्यता सर्वाधिक असते. अल्सरमधून रक्तस्राव होत असताना केलेली आरयूटी संसर्ग असूनही निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्तस्रावाच्या वेळचे निगेटिव्ह उत्तर अंतिम न मानता नंतर पुन्हा तपासावे असा संकेत आहे. शौचाची चाचणी झाली तेव्हा पॅन्टोप्राझोल चालू होते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल या गटातील गोळ्यांमुळे जंतू मरून संपत नाहीत, परंतु त्यांची संख्या घटते आणि ते जठराच्या खालच्या भागातून वरच्या भागाकडे सरकतात. चाचणी शोधते ते जंतूचे अस्तित्व. जंतू थोडे झाले की चाचणीच्या हाती काही लागत नाही. ही गोळी किमान दोन आठवडे आणि प्रतिजैविके किंवा बिस्मथ असलेली पोटाची औषधे किमान चार आठवडे बंद असल्याशिवाय श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीचे निगेटिव्ह उत्तर मी मान्य करत नाही. उलट, गोळी चालू असतानाही उत्तर पॉझिटिव्ह आले तर त्यावर बहुधा विश्वास ठेवता येतो.

रक्तातील अँटिबॉडीची गोष्ट वेगळी. त्या शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेल्या असतात, त्यामुळे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी किंवा रक्तस्रावाने त्या दिसेनाशा होत नाहीत. परंतु संसर्ग गेल्यावरही त्या कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे रक्तात टिकतात, म्हणून 'संसर्ग आज आहे का' या प्रश्नाला त्या उत्तर देत नाहीत. उपचारानंतर जंतू गेला का हे पाहण्यासाठी तर ही तपासणी निरुपयोगीच. बाबांनी पूर्वी कधीही या जंतूवर उपचार घेतले नसतील आणि ड्युओडिनल अल्सर डोळ्यांनी पाहिलेला असेल, तर मात्र हे पॉझिटिव्ह उत्तर बाजूला टाकण्यासारखे नाही.

डायक्लोफेनॅकबद्दल एक. वेदनाशामक गोळ्या आणि हा जंतू ही अल्सरची दोन प्रमुख कारणे एकाच माणसात एकत्र नांदू शकतात आणि एकत्र असली की धोका वाढतो. एक सापडले म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवू नये.

निळाई | ७ जानेवारी

मी गेली अकरा वर्षे ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये राहतो. या जंतूची कथा याच शहरातली असल्यामुळे थोडे लिहितो, कारण श्वासाची चाचणी समजायला ती उपयोगी पडेल.

रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल हे येथील रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रुग्णांच्या जठरातील नमुन्यांतून हे जंतू वाढवण्याचा प्रयत्न करत होते आणि काही केल्या ते वाढत नव्हते. प्रयोगशाळेत बशा दोन दिवस पाहून टाकून देण्याची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीमुळे त्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जंतूंच्या वसाहती दिसल्या. जंतूची वाढच मंद होती. अल्सर या जंतूमुळे होतो हे त्यांचे म्हणणे, तिखट खाणे आणि मनस्ताप यांनी अल्सर होतो या समजुतीपुढे टिकेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचे द्रावण स्वतः प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आल्याचे दुर्बिणीने दाखवून दिले. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले.

आपल्या प्रश्नाशी संबंध असा की या जंतूकडे युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) प्रचंड प्रमाणात असते. ते युरियाचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करते. अमोनियाच्या आवरणाखाली जंतू आम्लात तग धरतो. माणसाच्या पेशींकडे हे विकर नाही. म्हणून खुणेचा कार्बन असलेला युरिया गिळायला दिला आणि तो कार्बन थोड्या वेळाने उच्छ्वासात सापडला, तर जठरात युरिया फोडणारे कोणीतरी बसले आहे हे कळते. जंतू स्वतःला वाचवण्यासाठी जे करतो त्यानेच तो पकडला जातो. मला या शोधाबद्दल मनापासून आदर वाटतो.

काटेसावर | ७ जानेवारी

मी पुण्यात ही चाचणी दोनदा करून घेतली आहे. प्रत्यक्ष काय होते ते लिहिते, म्हणजे आपल्या बाबांची भीती कमी होईल.

रात्रीपासून उपाशी जायचे होते. पोहोचल्यावर तोंड खळखळून धुवायला सांगितले. मग चांदीसारख्या चकाकणाऱ्या एका लहान पिशवीत फुंकायला दिले. परिचारिकेने बजावले की पहिली फुंकर बाहेर सोडा, श्वास क्षणभर रोखून धरा आणि शेवटचा श्वास पिशवीत जाऊ द्या. पिशवी फुगली की झाकण लावून तिच्यावर वेळ लिहिली. त्यानंतर लिंबासारखे आंबट पेय आणि त्यात विरघळवलेली पूड प्यायला दिली. अर्धा तास खुर्चीवर शांत बसायचे, चालायचे नाही, पाणीसुद्धा नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसले. अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत तशीच फुंकर मारली आणि काम झाले. सुई नाही, नळी नाही, गुंगी नाही.

माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांची चाचणी निराळी होती. त्यांना पाण्याबरोबर एक कॅप्सूल गिळायला दिली आणि थोड्या वेळाने एका छोट्या पुठ्ठ्यासारख्या पट्टीत फुंकायला लावले. पट्टीवरचा नारिंगी ठिपका पिवळा होईपर्यंत ते फुंकत होते. या दोन चाचण्यांत फरक काय, हे चंदनवेल यांनी सांगावे.

चंदनवेल | ७ जानेवारी

काटेसावर, आपली चाचणी कार्बन-१३ ची आणि त्या गृहस्थांची कार्बन-१४ ची. हे खुणेच्या कार्बनचे दोन प्रकार. कार्बन-१३ किरणोत्सारी नाही. निसर्गातल्या कार्बनमध्ये तो सुमारे १.१ टक्के असतोच. म्हणूनच युरिया घेण्यापूर्वीची एक पिशवी लागते : मुळात किती होता आणि नंतर किती वाढला, यांतील फरक मोजायचा असतो. कार्बन-१४ किरणोत्सारी आहे, परंतु कॅप्सूलमधील मात्रा अत्यल्प असते आणि प्रौढ रुग्णाने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. गर्भवती स्त्रिया आणि मुलांसाठी मात्र कार्बन-१३ चीच निवड करावी.

तोंड धुवायला लावले याचेही कारण आहे. तोंडातील काही जंतूंकडेही युरिएज असते आणि त्यांच्यामुळे खोटे पॉझिटिव्ह उत्तर येऊ शकते. ज्यांच्या जठराचा काही भाग शस्त्रक्रियेने काढलेला आहे त्यांच्यात युरिया पटकन पुढे निघून जातो, म्हणून त्यांच्यासाठी ही चाचणी तितकीशी भरवशाची नाही.

दशमान | ८ जानेवारी

मी वैद्यकातला नाही, संख्याशास्त्र शिकवतो. 'चाचणी ९४ टक्के अचूक आहे' हे वाक्य रुग्णाला किती दिशाभूल करू शकते, ते आपल्या धाग्यातल्याच उदाहरणाने मांडतो.

अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ मधील आढाव्यात या चाचण्यांची तुलना केलेली आहे. संसर्ग नसलेल्या १०० जणांपैकी ९० जणांना बरोबर 'निगेटिव्ह' म्हणण्याची पातळी सर्वांसाठी समान धरली, तर संसर्ग असलेल्या १०० पैकी कार्बन-१३ ची चाचणी ९४ जणांना, कार्बन-१४ ची ९२ जणांना, रक्ताची ८४ जणांना आणि शौचाची ८३ जणांना पकडते, असे त्यात दिसले.

आता केवळ हिशेबासाठी गृहीत धरू की ड्युओडिनल अल्सरच्या १०० रुग्णांपैकी ८० जणांना संसर्ग आहे. कार्बन-१३ ची चाचणी त्यांतील ७५ जणांना पकडेल, ५ जण निसटतील. उरलेल्या २० पैकी १८ जण बरोबर निगेटिव्ह ठरतील. म्हणजे एकूण २३ निगेटिव्ह उत्तरांपैकी ५ चुकीची. सर्वांत चांगली चाचणी, पूर्ण तयारीनिशी केलेली, तरीही अल्सरच्या रुग्णातील प्रत्येक पाच निगेटिव्ह उत्तरांपैकी साधारण एक चुकीचे. गोळी चालू ठेवून चाचणी केली तर हे प्रमाण किती वाढेल याची कल्पना करावी.

उपचारानंतर चित्र उलटे होते. १०० पैकी ८५ जण बरे झाले असे धरा. राहिलेल्या १५ पैकी १४ सापडतील, परंतु बरे झालेल्या ८५ पैकी ८ ते ९ जणांनाही चाचणी पॉझिटिव्ह म्हणेल. तेव्हा उपचारानंतर उत्तर सीमारेषेवर, जेमतेम पॉझिटिव्ह आले, तर लगेच दुसरा औषधांचा मारा सुरू करण्याआधी चाचणी पुन्हा करावी असे गणित सांगते.

चंदनवेल | ८ जानेवारी

दशमान, आपले आकडे मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवणार आहे. व्यवहारातही हाच अनुभव आहे : अल्सर असताना निगेटिव्ह उत्तराबद्दल संशय बाळगावा, उपचारानंतर सीमारेषेवरच्या पॉझिटिव्ह उत्तराबद्दल. एकच भर घालते. शौचाच्या चाचण्यांचे अनेक प्रकार बाजारात आहेत. मोनोक्लोनल (एकाच साच्याच्या) अँटिबॉडी वापरून प्रयोगशाळेत यंत्रावर केलेली चाचणी श्वासाच्या चाचणीच्या जवळपास जाते. पट्टीवर दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देणाऱ्या चाचण्या सर्वसाधारणपणे मागे पडतात. लॅबला पद्धत कोणती हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

मळ्यातला | ९ जानेवारी

श्वासाची चाचणी मोठ्या शहरांपुरतीच आहे. आमच्या तालुक्यात ती होत नाही, त्यामुळे माझ्या आईसाठी शौचाच्या चाचणीचाच आधार होता. त्या चाचणीविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण आमच्यासारख्यांना तीच परवडते आणि तीच पोहोचते.

पहिली अडचण संकोचाची. डबी हातात दिल्यावर आई दोन दिवस ती फडताळात लपवून बसली. सुनेसमोर हा विषय कसा काढायचा, हाच तिला मोठा प्रश्न होता. शेवटी माझ्या बहिणीने येऊन समजूत काढली. दुसरी अडचण उन्हाळ्याची. एप्रिल महिना, लॅबचा माणूस आठवड्यातून दोनदाच येणार. नमुना थंड ठेवायला हवा असे सांगितले होते, म्हणून डबी दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या थर्मासमध्ये घातली आणि मी स्वतः एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचवली. उत्तर पॉझिटिव्ह आले आणि उपचारानंतर आई सुधारली. मात्र त्या डबीसाठी किती धावाधाव करावी लागते, हे सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात यावे एवढीच इच्छा आहे.

चंदनवेल | ९ जानेवारी

मळ्यातला, आपण केलेत ते अगदी योग्य केलेत. नमुना फ्रिजच्या तापमानात, म्हणजे २ ते ८ अंशांवर, साधारण तीन दिवस टिकतो. त्याहून उशीर होणार असेल तर गोठवावा लागतो. जुलाब होत असताना पातळ नमुना देऊ नये, त्यात अँटिजेन विरळ होते.

निरगुडी | ९ जानेवारी

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहते. ज्यांना दोन महिन्यांपूर्वी रक्तस्राव झाला त्यांची गोळी दोन आठवडे बंद करायची, हे ऐकूनच आई घाबरली आहे. या काळात जळजळ झाली तर काय घ्यावे?

चंदनवेल | १० जानेवारी

आईंची भीती रास्त आहे आणि म्हणूनच गोळी आपल्या मनाने मुळीच बंद करू नये. अल्सर भरायला पुरेसे उपचार झाले आहेत का, वेदनाशामके पूर्ण थांबली आहेत का, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, हे पाहून डॉक्टर ठरवतील. ज्यांची गोळी थांबवणे धोक्याचे आहे त्यांच्या बाबतीत अँटिबॉडीचे उत्तर धरून उपचार करण्याचाही मार्ग असतो. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस जळजळ पूर्वीपेक्षा जास्त वाटते, कारण दाबून ठेवलेले आम्ल उसळी घेते. तेव्हा साधे अँटासिडचे पातळ औषध चालते. बिस्मथ असलेले मात्र चालत नाही. फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारे दुसरे औषधही मध्यंतरी देता येते, पण चाचणीच्या आधी एक-दोन दिवस तेही थांबवतात. या पंधरा दिवसांत पुन्हा काळी शौच, रक्ताची उलटी, चक्कर असे काही झाले तर चाचणीचा विचार सोडून तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सोनचाफा | १० जानेवारी

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिचे पोट वारंवार दुखते. तिची श्वासाची चाचणी करून घ्यावी का?

चंदनवेल | १० जानेवारी

केवळ पोट दुखते म्हणून मुलांमध्ये या जंतूचा शोध घेऊ नये असेच बालरोगतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. आपल्या देशात संसर्ग इतका सर्वदूर आहे की तो सापडेलही आणि दुखण्याचे कारण भलतेच असेल. मुलीला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मोठ्यांच्या बाबतीतही एक मर्यादा सांगून ठेवते : वजन घटणे, गिळताना अडकणे, सतत उलट्या, रक्तक्षय, किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेला त्रास यांपैकी काही असेल तर दुर्बीणच हवी. जठरातला अल्सर असेल तर कर्करोग नाही याची खात्री तुकडा तपासूनच होते. श्वास तिथे काही सांगू शकत नाही.

निरगुडी | ३१ जानेवारी

डॉक्टरांनी बाबांना तपासून पॅन्टोप्राझोल थांबवण्यास परवानगी दिली. पहिले चार दिवस जळजळीने त्यांना झोप लागली नाही, नंतर कमी झाली. सोळा दिवसांनी आम्ही आदल्या रात्री पुण्याला आत्याकडे मुक्काम केला आणि सकाळी श्वासाची चाचणी करून घेतली. बाबांनी दुसऱ्या पिशवीत फुंकर मारून 'एवढेच?' असे विचारले. फरकाचा आकडा २१.४ आला, त्या लॅबची मर्यादा ४ आहे. म्हणजे संसर्ग आहे आणि तो आरयूटीत व शौचाच्या चाचणीत निसटला होता.

उद्यापासून बिस्मथसह चार औषधे, १४ दिवस. शौच काळी होईल ती बिस्मथमुळे, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले, अन्यथा आम्ही पुन्हा धावत सुटलो असतो.

चंदनवेल | ३१ जानेवारी

छान झाले. क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू आपल्याकडे खूप आहेत, म्हणून औषधे संपली की जंतू गेलाच असे धरू नका. गोळ्यांचा एकही डोस चुकवू नये. उपचार संपल्यावर किमान चार आठवडे थांबून, त्यांतील शेवटचे दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद ठेवून, हीच चाचणी पुन्हा करावी. अँटिबॉडीची तपासणी पुन्हा कोणी सुचवली तर नम्रपणे नाकारावी. ती बहुधा पॉझिटिव्हच येईल आणि घरभर पुन्हा काळजी पसरेल.

निरगुडी | २६ मार्च

काल दुसरी चाचणी झाली. मधल्या काळात तोंडाची धातूसारखी चव आणि मळमळ यांनी बाबा कंटाळले होते, पण चौदाही दिवस पूर्ण केले. दोन्ही कागद शेजारी ठेवून लिहिते आहे : जानेवारीत २१.४, आता ०.७. हिमोग्लोबिन १२.६ आहे. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम चालू आहे, डायक्लोफेनॅकची उरलेली पाकिटे आईने घराबाहेर काढली. पर्थच्या बशांची गोष्ट मी बाबांना वाचून दाखवली. पाच दिवस कोणी हात लावला नाही म्हणून जंतू सापडला, हे त्यांनी मला दोनदा वाचायला लावले.